आधी विचारा, शून्य कुठलं?

बडोद्याला समुद्र नाही, तरी मी चार वर्षं किनाऱ्याचंच काम करतोय. खंबातच्या आखातालगतचे रस्ते, बांध, जेट्टी, टाक्या यांपैकी कुठे जमीन खचतेय आणि पाणी कुठवर चढेल, त्याचे नकाशे. दांडिया बाजारातल्या घरी मुलं विचारायला येतात, "दादा, सॉफ्टवेअर कुठलं शिकू?" सॉफ्टवेअर येतं हो. क्यूजीआयएस, स्नॅप फुकट आहेत, सेंटिनेल-१ उपग्रहाचा रडार डेटाही फुकट. माणूस अडकतो तो शून्यापाशी, म्हणजे उंची कुठून मोजायची त्यापाशी.

माझ्या पहिल्या नकाशात किनाऱ्याची अख्खी गावं आजच पाण्याखाली होती. भरतीच्या तक्त्यातले आकडे मी सरळ जमिनीच्या उंचीवर लावले होते. तक्ता मोजतो सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासून, जमिनीची उंची असते सरासरी समुद्रसपाटीपासून. या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, म्हणजे चूक कित्येक मीटरची. माझं काम तपासणाऱ्या मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "कांबोईला जाऊन ये."

आखाताच्या काठावरच्या त्या गावी गेलो. ओहोटीला स्तंभेश्वराच्या पिंडीपर्यंत चालत जाता येतं. मग ओल्या चिखलावर पाण्याची पातळ रेघ सरकत आली, पिंडीला टेकली, आणि बघता बघता पिंडी दिसेनाशी झाली. तो तक्ता मला तिथे उभं राहून कळला.

दुसरं शून्य जीपीएसचं. घरच्या गच्चीवर रिसीव्हर लावला तर कच्ची उंची उणे आली! तो पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतो आणि आपल्याकडे समुद्रसपाटी त्या आकाराच्या पन्नासहून अधिक मीटर खाली आहे. दुरुस्ती केल्याशिवाय तो आकडा नकाशावर आणू नका.

तिसरं सगळ्यात फसवं. रडारची लहर साधारण ५.६ सेंटिमीटरची, तिच्या कलेतल्या, म्हणजे परत येताना ती कुठल्या टप्प्यावर आहे त्यातल्या, फरकावरून वर्षाकाठी मिलिमीटरांतलं खचणं कळतं. पण ते तुम्ही निवडलेल्या संदर्भबिंदूच्या तुलनेत. तो बिंदूच खचत असेल तर खचणारी जेट्टी स्थिर दिसते. म्हणून बिंदू किनाऱ्यापासून दूर, कठीण जमिनीवर घ्या आणि दुसरा घेऊन पुन्हा करून पाहा. पूल, टाक्या, इमारती छान प्रतिध्वनी देतात. चिखल, शेतं देत नाहीत. नकाशातली ती भोकं रंगवून बुजवू नका, मला त्याचा फार राग येतो. कुणीतरी त्या रंगावर विसंबून बांध बांधतो.

मग बेरीज. २००६ ते २०१८ या काळात जगभरचा समुद्र सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटर चढला. समजा जेट्टीखालची जमीन वर्षाला ५ मिलिमीटर खचतेय, तर त्या जेट्टीपुरता समुद्र ८.७ मिलिमीटरने चढतोय. अर्थात आपल्या किनाऱ्याचा वेग जागतिक सरासरीइतकाच असेल असं नाही, जवळच्या भरतीमापकाची नोंद पाहावीच लागते.

आता नवीन मुलगा आला की मी त्याला लॅपटॉप उघडू देत नाही. अमावास्येच्या उधाणाला, तक्ता खिशात घालून, कांबोईला पाठवतो.