चक्रीवादळानंतर मदतीला जाताय? कॅमेरा असा वापरा

३ जून २०२० ला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरच्या वाऱ्यानं श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडपासून खाली मंडणगड-दापोलीपर्यंतची घरं आणि वाड्या झोडपल्या. मागोमाग मदतीच्या गाड्या निघाल्या, आणि गाडीत तांदळाच्या पोत्यांबरोबर कॅमेरेही होतेच. फोटो ढिगानं निघाले. पुढे नुकसान कमी धरलंय म्हणून तहसील कार्यालयात अर्ज करायची वेळ आली, तेव्हा मात्र मी ज्या घरांत गेलो तिथे बहुतेकांकडे स्वतःच्याच पडलेल्या घराचा धड एक फोटो नव्हता. होते ते किट घेतानाचे, आणि तेही संस्थेच्या फोनमध्ये.

म्हणून या लेखात क्रम असा धरलाय: आधी घरमालकाच्या कामाचे फोटो, मग संस्थेला हिशेबासाठी लागणारे, आणि वेळ उरलाच तर तुम्हाला काढावेसे वाटणारे. हा क्रम उलटा होतो तिथेच बहुतेक भांडणं होतात.

निघण्यापूर्वी

फोन पुरतो. मोठा कॅमेरा नेणार असाल तर एकच रुंद कोनाची लेन्स लावून न्या. खाऱ्या, दमट हवेत लेन्स बदलणं म्हणजे आत मीठ भरून घेणं. पिशवीत झिपवाल्या प्लास्टिकच्या थैल्या, सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन सुती फडकी ठेवा. एक फडकं ओलसर करून आधी मीठ पुसा, मग कोरड्यानं. थेट कोरडं फडकं फिरवलंत तर काचेवर ओरखडे येतात.

निसर्गनंतर कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले आणि मोबाइलला रेंज नव्हती. तेव्हा पॉवर बँक, गाडीतला चार्जर, हेडलॅम्प आणि ऑफलाइन नकाशा घ्या. बूट जाड तळाचे हवेत, कारण छपरावरून उडालेल्या लाकडी रिपांमधले खिळे चिखलात उलटे उभे असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. साचलेल्या पाण्यात काम असेल तर लेप्टोबद्दल, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापाबद्दल, डॉक्टरांना विचारून ठेवा. पायावरची साधी जखमही तिथे झाकून ठेवायची असते.

कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळ मात्र निघण्यापूर्वीच बरोबर करा, तुकडीतल्या सगळ्यांच्या फोनशी जुळवून. पुढे सगळा खटाटोप याच नोंदीवर उभा राहतो.

पोचल्यावर कॅमेरा पिशवीतच

पहिला दिवस हातांचा, अपवाद फक्त ताडपत्री चढण्यापूर्वीच्या घराच्या फोटोंचा; ते पुढे येतात. रस्त्यावरची झाडं बाजूला करायची, ताडपत्र्या पोचवायच्या, विहिरीतला पालापाचोळा काढायचा. वाडीतल्या माणसांनी तुम्हाला ताडपत्री ओढताना पाहिलेलं असलं की दुसऱ्या दिवशी कॅमेरा बाहेर काढणं सोपं जातं. तुकडीत फोटो काढणारा एकच असावा. चार जण चार बाजूंनी फोन उगारून उभे राहिले की घरातल्या बाईला पदर सावरायलाही जागा राहत नाही.

जपायच्या तीन गोष्टी. खाली लोंबणारी प्रत्येक तार चालू आहे असंच समजा. गावात वीज नसली तरी कुणाच्या जनरेटरचा किंवा इन्व्हर्टरचा प्रवाह उलटा येऊ शकतो. दुसरं, आडवं पडलेलं झाड कापलं जात असताना जवळ जाऊ नका. ताणाखाली वाकलेला बुंधा सुटला की सणकन उसळतो. तिसरं म्हणजे छप्पर गेलेली चिऱ्याची भिंत. वासे आणि आढं, म्हणजे छपराची लाकडं, तिला वरून धरून ठेवत असतात. ती पकड गेली आणि वर चार दिवस पाऊस मुरला, की उभी दिसणारी भिंत बसते. आतून फोटो काढायचा मोह टाळा, दारातून काढा.

घराचे फोटो: ताडपत्री चढण्यापूर्वी

इथे वेळ फार थोडा मिळतो. कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो, म्हणजे निसर्गच्या वेळी लोकांकडे छप्पर झाकायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस होते. ताडपत्री चढली की आत काय मोडलंय ते तलाठ्यालाही दिसत नाही आणि फोटोतही नाही. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक कधी येतील ते त्यांच्याकडच्या गावांच्या संख्येवर असतं. तोवर घर उघडं ठेवा असं कुणाला सांगायचं? म्हणून ताडपत्री ओढण्याआधीची दहा मिनिटं तुमची.

प्रत्येक घराची सुरुवात एका पाटीनं करा. पुठ्ठ्यावर मार्करनं घरमालकाचं नाव, वाडी, तारीख आणि घरक्रमांक लिहा आणि त्याचा पहिला फोटो घ्या. वीजमीटरचा क्रमांक दिसत असेल तर तोही. मग चारही बाजूंनी पूर्ण घर, शक्य तितकं लांबून. त्यानंतर जवळ जा: मोडलेले वासे, उडालेली कौलं, फुटलेले सिमेंटचे पत्रे, तडा गेलेली भिंत, पडलेली पडवी, भिजलेलं धान्य. मापासाठी शेजारी काहीतरी ओळखीचं ठेवा, वीट किंवा कोयता चालेल. केंद्राच्या मदतनिकषांत अंशतः पडझडीसाठी किमान १५ टक्के नुकसान धरलेलं आहे. त्यामुळे छपराचा नेमका किती भाग गेला हे एका चौकटीत दिसणारा फोटो दहा हळव्या फोटोंपेक्षा मोलाचा.

तडा समोरून फ्लॅश मारला तर नाहीसा होतो. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरा, मग केसाएवढी भेगही सावलीनं उठून दिसते. कललेल्या भिंतीचं दुखणं वेगळं: फोनच्या रुंद लेन्समध्ये सरळ भिंतीही कलतात, त्यामुळे खरी कललेली भिंत दाखवली तरी कुणी मानत नाही. साध्या सुतळीला दगड बांधून भिंतीशेजारी लोंबता सोडा आणि तो ओळंबा चौकटीत घ्या. गवंडी जे डोळ्यांनी बघतो ते मग साहेबालाही दिसतं.

सगळे फोटो शक्यतो घरमालकाच्या फोनवरच काढा, किंवा तिथल्या तिथे त्यांच्याकडे द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो बारीक होतो आणि वेळ-ठिकाणाची आतली नोंदही जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. फोन बंद पडलेला असेल, नसेलच, तर तालुक्याला जाऊन छापून आणा. अर्जाला जोडायला कागदच लागतो.

वाडीची मोजणी

पडलेली पोफळीची वाडी, म्हणजे सुपारीची बाग, फोटोत काडेपेटी सांडल्यासारखी दिसते. किती झाडं, कुठली, कुणाची, काही कळत नाही. आणि मोजणीला तर महत्त्व आहे. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्या पट्ट्यात पिकते तिथे धारणा गुंठ्यांत, सातबारा सामाईक, त्यावर नावं भाराभर. हेक्टरी हिशेबानं अशा माणसाच्या हातात काय पडणार? निसर्गनंतर हा प्रश्न बराच गाजला आणि नारळ-सुपारीला झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला. म्हणजे प्रत्येक बुंधा मोजला जाणं आलं.

गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावर, चढून चारही कोपऱ्यांतून वाडीचा एकेक फोटो घ्या. मग मालकाला बरोबर घेऊन ओळीनं चला आणि बुंध्यावर ऑइलपेंटनं क्रमांक घाला. ओल्या सालीवर खडू टिकत नाही. पाच-पाच क्रमांक दिसतील असा एकेक फोटो. नोंद तीन प्रकारांत करा: मुळासकट उपटलेली, मधूनच मोडलेली आणि शेंडा पिळवटलेली. तिसरा प्रकार हमखास सुटतो, कारण झाड उभं असतं, हिरवंही दिसतं. पोफळीला आणि माडाला, म्हणजे नारळाला, वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो मोडला की झाड काही आठवड्यांनी सुकतं. अशा झाडाचा शेंडा वर झूम करून आणि बुंध्यावरचा क्रमांक खाली, असे दोन फोटो लागोपाठ घ्या. पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल आणि मधली जायफळं विसरू नका. मालकही घाईत विसरतो. खाऱ्या वाऱ्यानं करपलेली पानं दोन-चार दिवसांनी तांबूस होतात, तेव्हा आंब्याच्या कलमांची एक फेरी नंतर मारावी.

पिकाच्या मदतीला ३३ टक्के नुकसानाची अट असते. म्हणून पडलेल्या झाडांबरोबर वाचलेलीही मोजा. नुसत्या पडलेल्यांच्या आकड्यावरून टक्केवारी निघत नाही.

कोळीवाड्यात होडीचा नोंदणी क्रमांक आणि मोडलेला भाग एकाच चौकटीत आले पाहिजेत. जाळी पसरून, इंजिन वेगळं.

माणसं

“काकू, एक फोटो काढू का?” एवढं विचारायला किती वेळ लागतो? तरी विचारलं जात नाही. विचारताना तो कुठे जाणार हेही सांगा: “हा तुमच्या अर्जासाठी”, “हा आमच्या संस्थेच्या अहवालात छापतील.” दोन्हींना वेगळं उत्तर येऊ शकतं. नाही म्हटलं तर नाही. मदत देऊन झाल्यावर विचारा, आधी नाही, नाहीतर तांदळाच्या बदल्यात फोटो असाच त्याचा अर्थ होतो.

हर्णैच्या पुढच्या एका वाडीत एक आजी मला म्हणाल्या, “थांब बाबा, आधी केर काढत्ये.” छप्पर डोक्यावर नव्हतं, माजघरात कौलांचा खच होता आणि त्या ओटी झाडत होत्या. झाडू द्यावं. पंचनाम्याचे फोटो झाले असतील तर ओटी स्वच्छ करून, लुगडं नीट करून, दारात बसलेल्या आजींचाच फोटो काढावा. ढिगाऱ्यात हताश बसलेली म्हातारी आपल्याला हवी असते, त्यांना नको असते. फोटो त्यांचा आहे.

लहान मुलांचे चेहरे टाळा, आईवडील जवळ नसतील तर पूर्णच टाळा. रडणाऱ्या माणसाचा फोटो मी काढत नाही. काढावा म्हणणारेही लोक आहेत, त्यांची कारणं मला ठाऊक आहेत आणि बातमीदाराला ती लागू पडत असतील. तुम्ही त्या घरात ताडपत्री घेऊन आलेले आहात.

देणगीदारांची मागणी

“किट देतानाचा फोटो पाठवा” असा निरोप येतोच, कधीकधी मागे बॅनर धरून. हे गाडी निघण्याआधीच मिटवा. हिशेबाला लागतं ते द्या: दुकानाची पावती, गाडीत चढवलेला माल, वाटपाच्या यादीचं पान, रिकामी झालेली गाडी, छपरावर चढलेली ताडपत्री. रांगेतल्या माणसाच्या चेहऱ्याशिवाय हिशेब पुरा होतो. तरी देणगीदार अडून बसले तर संस्थेच्या प्रमुखांना बोलू द्या. गावात, लोकांसमोर त्यावर वाद नको.

कुठे काय टाकायचं

फोटोवरच अक्षांश-रेखांश छापणारी ॲप पंचनाम्याच्या कामाला उत्तम. तेच फोटो फेसबुकवर टाकू नका. कोकणात कितीतरी घरांची माणसं मुंबईला असतात. भिंत पडलेलं, आत तांब्यापितळेची भांडी असलेलं बंद घर नकाशावरच्या ठिकाणासह जगाला दाखवणं म्हणजे चोराला पत्ता देणं. ओल्या कागदपत्रांचे, म्हणजे आधार, रेशनकार्ड, पासबुक यांचे फोटो फक्त मालकाच्या फोनवर काढा, तुमच्या नाही. ड्रोनचं नाव परवानगीशिवाय काढू नका, वर हेलिकॉप्टर फिरत असताना तर अजिबात नाही.

भिजलेले आल्बम दिसले तर आवर्जून थांबा. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका आणि चिकटलेल्या अवस्थेत वाळूही देऊ नका. स्वच्छ पाण्यात भिजत ठेवून हळूहळू सुटे करा आणि कापडावर पसरा. ते वाळेपर्यंत टिकतील याची खात्री नसते, म्हणून ओले असतानाच सावलीत, अगदी वरून, प्रत्येकाची फोटोप्रत काढून ठेवा. लग्नाचा एकुलता एक फोटो असा वाचतो.

रात्रीचं काम

झोपण्यापूर्वी घरनिहाय फोल्डर करा, पुठ्ठ्याच्या पाटीचा फोटो बघत. वहीत प्रत्येक घरापुढे एक ओळ: काय पडलं, किती, कुणी दाखवलं, कुठल्या वापराला होकार. प्रत दोन ठिकाणी, आणि दोन्ही एकाच पिशवीत नकोत. डोक्यात सगळं राहील असं पहिल्या रात्री वाटतं. तिसऱ्या रात्री सगळ्या पडव्या सारख्या दिसायला लागतात.

पुन्हा जाणं

पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. वादळाच्या आठवड्यात गर्दी असते, दुसऱ्या वर्षी कुणी फिरकत नाही. पुनर्लागवडीच्या रोपांसाठी, राहिलेल्या हप्त्यासाठी अर्ज करायला मात्र त्या दुसऱ्या वर्षीचे फोटो लागतात. जुना फोटो छापून न्या, मालकासमोर हातात धरून त्याच जागी उभे राहा आणि दोन पक्क्या खुणा, समजा विहिरीचा काठ आणि देवळाचा कळस, जुळवून तीच चौकट घ्या. जायचं ते पावसाळा सोडून जा. श्रावणात रान माजलेलं असतं आणि बुंधे दिसत नाहीत.