आडव्या तेलविहिरीचा डेरिव्हेटिव्ह सुरुवातीला नाचत असेल तर
बंदिस्त साठ्यातल्या आडव्या विहिरीचा दाब ग्रीन फंक्शनने (एका ठिकाणच्या उपशाचा साठ्यातल्या दाबावर होणारा परिणाम सांगणारं सूत्र) काढताना सुरुवातीच्या वेळेत डेरिव्हेटिव्ह (वेळेच्या लॉगनुसार दाब बदलण्याचा दर) वरखाली व्हायचा, मधेच ऋण. हे फंक्शन ज्या कोसाइन मालिकेने लिहिलं होतं तिची पदं वाढवली तर नाच फक्त आणखी आधीच्या वेळेकडे सरकला. नाशिकच्या एप्रिलमध्ये लॅपटॉप आणि डोकं दोन्ही तापलं.

आधी विसरणशीलता (दाबाचा बदल खडकात किती झपाट्याने पसरतो ते) × वेळ ÷ साठ्याच्या जाडीचा वर्ग काढा. विसरणशीलता उभ्या दिशेची घ्या, आडवी नव्हे. उत्तर ०.१ पेक्षा कमी असेल तर कोसाइन सोडून प्रतिमा-विहिरींची (साठ्याच्या सीमांपलीकडे आरशातल्यासारख्या मानलेल्या विहिरी) बेरीज करा, वर-खाली दोन-दोन पुरतात. जास्त असेल तर कोसाइनची पाच पदं बास. ०.१ वर दोन्ही उत्तरं जुळलीच पाहिजेत, ही तपासणी टाळू नका. विहिरीला काटकोनातल्या आडव्या दिशेलाही हेच, फक्त विसरणशीलता त्या दिशेची आणि जाडीऐवजी साठ्याची रुंदी.

आता लॉग-लॉग आलेखावर डेरिव्हेटिव्ह आधी सपाट, मग अर्ध्या उताराने (स्लोप) चढणारा, शेवटी एकच्या. माझा साठा अरुंद, त्यामुळे मधला दुसरा सपाट भाग येत नाही.