सब सँडविच घेताना लांबी नको, वजन बघा
न्यू जर्सीत सब (लांबट पावात चीज-मांस भरलेलं सँडविच) घ्यायचा तर साखळी दुकानातला की कोपऱ्यावरच्या डेलीतला (चीज, मांस, सँडविच विकणारं छोटं दुकान)? फूटभर, म्हणजे 30 सेंटिमीटर लांबीचा पाव दोन्हीकडे मिळतो. फरक आतल्या ऐवजात. एकदा घरी आणून उघडा. लेट्यूस बाजूला काढा (तो नुसता फुगवटा), चीज-मांस वजनकाट्यावर ठेवा आणि किंमत त्या वजनाने भागा. महाग वाटणारी डेली कधी कधी स्वस्त पडते. डेलीचा पाव कडक असेल तर तेल-व्हिनेगर पिऊनही तग धरतो. मऊ पावाचा लगदा होतो. शाकाहारी असाल तर आधी विचाराच, चीज अनेकदा हॅमच्याच यंत्रावर कापतात. आणि फिलाडेल्फियात गेलात तर ‘होगी’ मागा, वस्तू तीच.