कॉलेजचा समुपदेशन कक्ष: या चुका टाळा

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. त्यामुळे ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावायची सगळीकडे घाई आहे. पाटी लागते, पोरं येत नाहीत, आणि वर्षअखेरीस ‘आमच्याकडे तसे काही प्रॉब्लेम नाहीत’ असं अहवालात लिहून मोकळं होतात. प्रॉब्लेम असतात. खोली परीक्षा विभागासमोर असते.

जागा आणि वेळ

प्राचार्यांच्या केबिनशेजारी, फी काउंटरसमोर किंवा काचेच्या दाराची खोली घेऊ नका. ग्रंथालयाच्या मागच्या जिन्याजवळची, जिथं कुणीही कशालाही जाऊ शकतं अशी खोली बघा. खुर्च्या समोरासमोर न ठेवता थोड्या तिरप्या ठेवा. मध्ये टेबल नको. घड्याळ तुम्हाला दिसेल असं, विद्यार्थ्याच्या पाठीमागे लावा, म्हणजे सारखं मनगटाकडे बघावं लागत नाही. एक सत्र ४५ ते ५० मिनिटांचं आणि दोन सत्रांत १५ मिनिटं मोकळी ठेवा, म्हणजे जाणारा आणि येणारा दारात एकमेकांना भेटत नाहीत. दिवसाला पाचच्या वर सत्रं घेऊ नका. आठ घेणारे भेटतात. सहाव्याला ते काय ऐकतात हा प्रश्नच आहे.

‘दर बुधवारी ३ ते ५’ ही वेळ ठरवणाऱ्यानं नाशिककडच्या पेठ-सुरगाण्याच्या एसटीचं वेळापत्रक कधी बघितलेलं नसतं. अपडाउन करणारी मुलं दुपारनंतर थांबूच शकत नाहीत. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस सकाळचा वेळ ठेवा. आणि चालू तासात शिपायाकरवी चिठ्ठी पाठवून कुणाला बोलावू नका. ती चिठ्ठी अख्खा वर्ग वाचतो.

नॅकच्या फाइलसाठी फोटो

या एका चुकीनं जेवढे कक्ष बंद पाडले तेवढे निधीअभावी पडले नसतील. एका कॉलेजातला प्रकार बघा. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती यायची होती, फाइलला ‘पुरावा’ हवा होता. समन्वयकांनी जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो मागितला. समुपदेशक आधी नको म्हणाल्या, मग ‘चेहरा नको, पाठमोरा चालेल’ यावर तडजोड झाली. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, पाठमोरी बसलेली. खुर्चीला अडकवलेली तिची सॅक, सॅकला पिवळ्या लोकरीचा गोंडा. फोटो वार्षिक अहवालात छापला गेला, अहवाल संकेतस्थळावर चढला. गोंडा ओळखायला वर्गाला एक दुपार पुरली. ती मुलगी परत आली नाही, आणि तिच्यानंतरच्या आठवड्यात वेळ घेतलेले चौघंही आले नाहीत. फाइलला मात्र पूर्ण गुण.

पुरावा म्हणून रिकाम्या खोलीचा, दारावरच्या वेळापत्रकाचा किंवा जाहीर कार्यशाळेचा फोटो द्या. नोंदवहीत नाव, वर्ग, ‘समस्या’ असे रकाने नकोत. प्रत्येकाला क्रमांक द्या, उदा. २५-०१४. क्रमांक आणि नाव यांची जोडयादी वेगळ्या वहीत, वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली फक्त समुपदेशकाकडे असू द्या. समितीला आकडे द्यावेत: किती आले, किती सत्रं झाली, किती जणांना डॉक्टरांकडे पाठवलं. त्यापुढे कुणी मागितलं तर नाही म्हणावं, प्राचार्यांनाही.

‘सगळं गुप्त राहील’ असं सांगून टाकणं

हे वचन पाळता येत नाही, म्हणून देऊ नये. पहिल्या पाच मिनिटांतच सांगा: ‘तू सांगशील ते इथंच राहील. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल, तेव्हाच मला दुसऱ्याला सांगावं लागेल. आणि तेही आधी तुला सांगून.’ ज्युनिअर कॉलेज असेल तर हे फार महत्त्वाचं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

गुगल फॉर्म पाठवून विसरणं

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. कार्यक्रम हवा, म्हणून पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं विचारणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली फॉर्ममध्ये टाकून सगळ्या ग्रुपवर सोडतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. मुलं तिथं ‘जवळजवळ रोज’ असं खरं उत्तर देऊन बसतात, आणि उत्तरं उघडली जातात दिवाळीच्या सुट्टीनंतर, पाय चार्ट काढण्यासाठी. विचारणार असाल तर त्याच दिवशी वाचायला माणूस हवा. नाहीतर विचारू नका. एका वेळी एकच वर्ग घ्या, कागदावर घ्या, ३० मिनिटांत चाळा. नवव्या प्रश्नाला शून्याच्या वर काहीही असेल तर त्या विद्यार्थ्याला घरी जाण्याआधी भेटा. बेरीज २७ पैकी १० किंवा जास्त आली तर सविस्तर बोला. पण ही चाळणी आहे, निदान नाही. ‘तुला डिप्रेशन आहे’ असं त्या बेरजेवरून सांगणाऱ्यांनी कृपया दुसरं काम शोधावं.

थेट न विचारणं

‘विचारलं तर डोक्यात भरेल’ ही भीती खोटी आहे. मोघम ‘काही वेडंवाकडं मनात नाही ना?’ याला उत्तर ‘नाही’ असंच येतं. सरळ विचारा: मरायचे विचार येतात का? कसं, कधी ते ठरवलंय का? ते साधन हाताशी आहे का? आधी प्रयत्न झाला होता का? ठरवलेलं असेल तर एकटं सोडू नका. सोबत माणूस द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘असं करणार नाही’ अशी सही घेऊन काही साधत नाही. त्याऐवजी एका पानावर, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: त्रास वाढतोय हे कशावरून कळतं, तेव्हा काय केलं की थोडं हलकं वाटतं, कुणाला फोन करायचा. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, जो २४ तास चालतो आणि मराठीतही बोलतो. निफाड-दिंडोरीकडच्या मुलाच्या घरी द्राक्षबागेची फवारणीची औषधं असतातच. मुलाशी बोलून, घरच्या विश्वासातल्या माणसाला ती कुलपात ठेवायला सांगा, किल्ली दुसऱ्याकडे.

थोडक्यात आणखी काही

इंटर्नलचे मार्क देणाऱ्या प्राध्यापकाला समुपदेशक करू नका.

‘योगा कर, मोबाइल कमी कर’ हे पहिल्या सत्रात तोंडातून निघालं तर दुसरं सत्र होत नाही.

‘तुला एंग्झायटी आहे का?’ याऐवजी झोप, भूक, छातीतली धडधड विचारा. मेसचा डबा अर्धा परत जातोय, हे कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा लवकर कळतं. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगा. प्रत्येक थकवा मनाचा नसतो.

तीन-चार रात्री झोप नाही आणि तरी अंगात जोर, कानात आवाज, सगळ्यांवर संशय: इथं समुपदेशन करत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. न्या म्हणजे न्या. ‘सिव्हिलला जाऊन ये’ अशी चिठ्ठी बहुधा खिशातच विरते. वार, ओपीडीची वेळ आधी फोनवर विचारा, केसपेपर कुठं काढायचा ते सांगा, सोबत कोण जाणार ते ठरवा, संध्याकाळी फोन करा. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद होतात. बरं वाटल्यावर परीक्षेच्या तोंडावर मनानं सोडणारेही कमी नसतात.

आणि सुट्टी. हॉस्टेल रिकामं होण्याच्या आठवड्यात चालू असलेल्या प्रत्येक केसची यादी काढा. कोण कुठं जाणार, घरी रेंज येते का, सुट्टीत कुठल्या वारी किती वाजता फोन करायचा, हे मुलासमोर त्याच्या पानावर लिहा. रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी गावात आला की त्यानं फोन करायचा, असं ठरवा, आणि त्या वेळेला तुमचा फोन चालू ठेवा.