मेमरी बघताना 'फ्री' नको, 'अव्हेलेबल' वाचा

सर्व्हर सपोर्टला नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी मेमरीचे आकडे वाचायला बसवतो. रात्रपाळीत सर्वांत जास्त घबराट त्यावरूनच होते. "सर, १६ जीबीपैकी ३०० एमबीच फ्री आहे, रीस्टार्ट मारू का?" असा फोन येतो आणि बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं.

लिनक्सवर 'फ्री -एच' ही कमांड दिली की 'फ्री' आणि 'अव्हेलेबल' हे वेगवेगळे रकाने दिसतात. डिस्कवरून वाचलेल्या फायली कर्नल (लिनक्सचा गाभा) रिकाम्या रॅममध्ये ठेवतो, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जावं लागत नाही; म्हणून 'फ्री' कमी दिसतं. एखाद्या प्रोग्रॅमने मेमरी मागितली की यातली बरीचशी जागा कर्नल लगेच सोडतो. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) न वापरता नव्या कामाला साधारण किती मेमरी मिळेल, हे 'अव्हेलेबल' सांगतं. कर्नल हा अंदाज ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून, स्वतः देतो. तरी शंका असेल तर 'व्हीएमस्टॅट ५' लावून 'एसआय' (स्वॅपमधून रॅममध्ये येणारी मेमरी) आणि 'एसओ' (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारी) बघा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींतही दोन्ही आकडे सतत मोठे येत असतील, तर मला झोपेतून उठवा.

विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये 'अव्हेलेबल' समोरच असतं, पण माझी नजर आधी 'कमिटेड'वर, म्हणजे प्रोग्रॅमना कबूल केलेल्या एकूण मेमरीवर, जाते. तिथला दुसरा आकडा म्हणजे रॅम आणि पेजफाइल (विंडोजची डिस्कवरची स्वॅपसारखी फाइल) मिळून असलेली मर्यादा. पहिला आकडा तिला भिडला आणि पेजफाइल आणखी वाढू शकत नसेल, तर रॅम शिल्लक दिसत असूनही प्रोग्रॅमला मेमरी नाकारली जाते.

मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला 'मेमरी प्रेशर'चा आलेख हिरवा असेल तर काळजी नाही. टर्मिनलमधलं 'व्हीएम_स्टॅट' मात्र पेजमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, मोजतं. इंटेल मॅकवर एक पेज ४ केबीचं, अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर १६ केबीचं. पेजचा आकार पहिल्याच ओळीत छापलेला असतो, तो वाचूनच गुणाकार करा.

आता बरीच कामं कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच मशीनवर प्रोग्रॅम वेगळे ठेवणाऱ्या कप्प्यांत, चालतात, तिथे जास्त जपा. डॉकर कंटेनरच्या आत 'फ्री' चालवलं तर सहसा अख्ख्या होस्टची (कंटेनर ज्यावर चालतो त्या मशीनची) मेमरी दिसते. कंटेनरला २ जीबीच दिलेली असली तरी आकडा ६४ जीबीचा येतो. खरी मर्यादा सीग्रुपच्या (प्रोग्रॅमच्या गटाला मर्यादा घालणारी लिनक्सची सोय) 'मेमरी.मॅक्स' या फाइलमध्ये असते आणि चालू वापर 'मेमरी.करंट'मध्ये. तिकिटावर (तक्रारीच्या नोंदीत) हे दोन्ही आकडे लिहा.