गावातल्या रेडिओ गायकाचं आयुष्य कसं जमवायचं

ज्यांच्या घरात कुणी काका, मामा, आजोबा कधीकाळी परभणी आकाशवाणीवर गायलेत त्यांच्यासाठी हे लिहायलोय. माणूस हयात आहे तोवर त्याच्याजवळ बसून आठवणी भरून घ्या, कारण नंतर फक्त हार घातलेला फोटो राहतो आन "लै भारी गायचे" एवढं एक वाक्य.

मी हे शिकलो कुठून तर एका अमेरिकन माणसाकडून, हसू नका. हँक विल्यम्स, तिकडचा कंट्री म्हणजे आपल्या भाषेत गावरान गाण्याचा मोठा गडी, अलाबामातला, जन्म १७ सप्टेंबर १९२३, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनाच्याच तारखेला. १९५१ साली नॅशव्हिल शहरातल्या डब्ल्यूएसएम रेडिओ स्टेशनवर त्याचा रोज सकाळी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम असायचा, पैसा एका पिठाच्या कंपनीचा, मदर्स बेस्ट नावाची. दौऱ्यावर जायचं असलं की तो आधीच डिस्कवर कार्यक्रम भरून ठेवायचा. पुढं स्टेशनची जागा बदलली तेव्हा त्या डिस्क कचऱ्यात चालल्या होत्या, तिथल्याच एका फोटोग्राफरनं उचलल्या म्हणून वाचल्या. सत्तरहून जास्त कार्यक्रम आहेत, २००८ पासून ते लोकांसाठी बाहेर आले. मी ऐकले तर गाण्यापेक्षा मधलं बोलणंच जास्त ऐकत बसलो. पिठाचं कौतुक, साथीदारांची चेष्टा, पुढचा शो कुठं आहे ते, मधेच एखादं देवाचं गाणं. त्या चेष्टेत जो माणूस दिसतो तो रेकॉर्डमधे कुठंच दिसत नाही.

तर पहिली गोष्ट हीच, मामाला "गा" म्हणू नका. गाणं तो कधीही गाईल. गाण्याच्या आधी काय झालं आन नंतर काय झालं ते विचारा.

आमचे थोरले मामा जिंतूर तालुक्यातले, भारूड गायचे. मी पहिल्याच दिवशी चूक केली, "मामा, कोणत्या साली गायलात?" असं विचारलं. ते गप्प. सन कुणाच्या लक्षात राहतो हो! आपल्याकडं सन विचारायचाच नसतो, खूण विचारायची. बहात्तरच्या दुष्काळाआधी का नंतर? किल्लारीच्या भूकंपाच्या टायमाला गात होतात का? थोरली मुलगी झाली होती का? मग मामा म्हणले, दुष्काळात खडी फोडायला होतो, ऑडिशनचा कागद त्याच्यानंतर आला. झालं की, साल सापडलं. परभणी केंद्र १९६८ ला सुरू झालंय, म्हणजे परभणीच्या गोष्टी त्याच्यानंतरच्याच. कुणी त्याच्याआधीची रेडिओची आठवण सांगायलं तर खोटं समजू नका, हैदराबादचा विषय असू शकतो, आपण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतो.

ऑडिशनवर तास दीड तास घालवा, तिथं माल आहे. गावात जत्रेत हजार माणसांपुढं गाणारा गडी बंद खोलीत, भिंतीला भोकंभोकं असलेल्या पाट्या, समोर कुणी नाही, लाल दिवा लागला की सुरू व्हायचं. काय घातलं होतं, एसटीनं गेले का रेल्वेनं, ढोलकीवाला सोबत नेला का तिथलाच मिळाला, झीलकरी किती, ग्रेड कोणती मिळाली. मामा सांगतेत की त्यांना हात वर करून गायची सवय आन माइकपासून हललं की आतून खुणा करायचे, शेवटी त्यांनी दोन्ही हात धोतराच्या सोग्यात गुंतवून भारूड म्हणलं. आता सांगा, हे कोणत्या कागदावर सापडणार?

पण कागदही शोधाच. पत्र्याची पेटी, देवळीतली पिशवी, जुन्या पंचांगात घातलेल्या घड्या. आकाशवाणीचं करारपत्र असतं, त्याच्यावर तारीख, वेळ, किती मिनिटं आन मानधन सगळं छापलेलं असतं, एक पत्र सापडलं तर दहा आठवणी जागेवर बसतात. श्रोत्यांची पोस्टकार्डं असतील तर देवापुढं ठेवा, म्हणजे आधी फोटो काढा मग ठेवा. आन जत्रेची हँडबिलं बघा, त्याच्यावर नावापुढं 'आकाशवाणी कलाकार' असं कधीपासून छापायला लागले ते महत्त्वाचं. कारण रेडिओच्या मानधनात घर चालत नव्हतं, त्या दोन शब्दांवर सुपारी वाढायची. हँकचं पण तेच, सकाळी रेडिओवर सांगायचं की अमक्या गावाला येतोय आन रात्री तिथं तिकिटं खपायची. म्हणून मामाला "रेडिओवाल्यांनी किती दिले" एवढंच विचारू नका, "रेडिओनंतर जत्रेवाले किती द्यायला लागले" ते विचारा, तिथं मामांचा चेहरा खुलला.

आता कॅसेट. बरेच जण घरचा रेडिओ चालू असताना टेपरेकॉर्डर समोर ठेवून कार्यक्रम भरून घ्यायचे, तीच एकमेव कॉपी असते बरं का, स्टेशनात असेलच असं धरून चालू नका, टेप पुसून परत वापरायची पद्धत होती. सापडली की लगेच वाजवायची घाई करू नका. आधी मागचे दोन प्लास्टिकचे कान तोडा म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही, (आमच्या एका भावानं मामांच्या भारुडावर वरातीची गाणी भरलीत, अजून घरात वाद आहे). टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवूच नका, जाणत्या माणसाकडं न्या. चांगली दिसली तर एकदा पूर्ण पुढं एकदा पूर्ण मागं फिरवा, टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप जिथं घासून जाते तो भाग, स्पिरिटनं पुसा, मग टेपरेकॉर्डरच्या लाइन आउटमधून केबल लॅपटॉपला लावून ऑडेसिटी नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे भरा. हेडफोनच्या भोकातून पण चालतं, फक्त आवाज मधे ठेवा, फाटला की फाटला. फाइल वेव्हमधेच (WAV) ठेवा, साठ मिनिटांची सहाशे एमबीच्या आसपास होते, घाबरू नका, व्हॉट्सॲपला पाठवायला एमपीथ्री वेगळी करा. खरखर काढायच्या नादाला लागू नका आन निवेदकाचं बोलणं तर अजिबात कापू नका, "आता ऐका भारूड, गायक आहेत" हे वाक्यच तुमचा पुरावा आहे.

मामीला वेगळं विचारा, मामा समोर नसताना. माणूस गायला गेला की पेरणीत औत कोण हाकत होतं, चेक आला की तो कुठं जायचा, ते तिलाच माहीत. दारूचा विषय निघालाच तर तिथं टेप बंद करा आन नंतर लिहायचं का नाही ते घरच्यांना विचारून ठरवा. हँकला पाठीचं दुखणं होतं, दारू होती, ऑगस्ट १९५२ मधे ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या मोठ्या रेडिओ कार्यक्रमवाल्यांनी काढून टाकला आन १ जानेवारी १९५३ ला शोला जाताना गाडीच्या मागच्या सीटवरच वारला, वय २९. तिकडं हे सगळं छापून आलंय. आपल्या गावात नातवाची सोयरीक व्हायची असते.

सगळं झालं की ती कॅसेटची फाइल त्यांनाच ऐकवा आन दुसरा फोन रेकॉर्डिंगला चालू ठेवा. हे सगळ्यात शेवटी करायचं पण सोडायचं नाही. आम्ही लावली तेव्हा मामा डोळे मिटून बसले होते, दुसऱ्या कडव्यानंतर मधेच खोकल्याचा आवाज येतो, मी म्हणलं मामा तुम्हाला तेव्हापासून खोकला आहे का, तर डोळे न उघडता म्हणले, "मी न्हाई, ढोलकीवाला हाय. आदल्या रात्री दोघंबी परभणीच्या स्टँडवर झोपलो होतो, पांघरूण एकच होतं."