ठाणे जिल्ह्यातील अगर लागवड : कीड व रोगांचे शाश्वत व्यवस्थापन

अगराच्या निरोगी झाडाचे लाकूड फिकट व हलके असते आणि त्याला ऊद म्हणून काहीच किंमत मिळत नाही. खोडाला जखम होऊन तीत बुरशी शिरली, की तिला अडवण्यासाठी झाड जे गडद, राळयुक्त लाकूड तयार करते, तोच ऊद होय. त्यामुळे बागेतील प्रत्येक बुरशी मारून टाकण्याचा शिरस्ता येथे कामाचा नाही. खोड जाड होईपर्यंत झाडाला किडी-रोगांपासून जपायचे आणि नंतर ठरावीक जागी, ठरावीक वेळी बुरशीला आत येऊ द्यायचे, असे या पिकाचे दोन टप्पे असून फवारणीचा प्रत्येक निर्णय झाड कोणत्या टप्प्यात आहे हे पाहूनच घ्यावा. शिवाय ऊद जाळून त्याचा धूर घेतला जातो आणि त्याचे अत्तर अंगाला लावले जाते, म्हणून कीटकनाशकांचे अंश लाकडात राहू नयेत याची काळजी अधिकच घ्यावी लागते.

हे झाड मूळचे आसाम व ईशान्येकडील दमट प्रदेशाचे. मुरबाड-शहापूरकडे चार महिने मुसळधार पाऊस आणि पुढे लांबलेला कोरडा काळ असतो. या दोन्ही टोकांचा ताण झाडाला बसतो आणि ताणलेले झाड किडीला लवकर बळी पडते. म्हणून भाताच्या खाचरात लागवड न करता उताराची, निचरा होणारी वरकस जमीन निवडावी, पावसापूर्वी चर काढावेत, आणि पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात सावली, ठिबकचे पाणी व पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये, कारण तेथे ओल साचून बुंधा कुजतो. बागेजवळ राब (भाताची रोपे करण्याच्या जागी पाला-फांद्या जाळणे) भाजू नये व राबासाठी या झाडांचा टहाळ तोडू नये. आगीची झळ आणि तुटलेल्या फांद्या या दोन्हींमुळे नको तेथे जखमा होतात.

अगराचे बी फार काळ उगवणक्षम राहत नसल्याने रोपे बहुधा रोपवाटिकेतूनच आणावी लागतात. आणलेली रोपे दोन-तीन आठवडे बागेपासून वेगळी ठेवावीत आणि बुंध्याशी काळे पडलेले किंवा मुळे तपकिरी झालेले प्रत्येक रोप काढून टाकावे. रोपे कोलमडणे व मूळकूज यांसाठी ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला मारक ठरणारी बुरशी उपयोगी पडते: एक किलो भुकटी 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ढीग सावलीत दहा-पंधरा दिवस ओलसर ठेवून, ते खत लागवडीच्या खड्ड्यात घालावे. त्याच खड्ड्यात ताम्रयुक्त बुरशीनाशक ओतू नये, अन्यथा आधीचा खर्च वाया जातो.

या पिकाची खरी शत्रू म्हणजे हिओर्शिया व्हिटेसॉयडीस या पतंगाची पाने खाणारी अळी. मादी पानाच्या खालच्या बाजूस पुंजक्याने अंडी घालते. लहान अळ्या एकत्र राहून पानाचा हिरवा भाग खरवडतात, मोठ्या झाल्या की पूर्ण पाने फस्त करतात आणि शेवटी खाली उतरून पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात कोष करतात. वारंवार निष्पर्ण झालेले कोवळे झाड मरूही शकते. अडचण अशी, की पावसाळ्यात घरातील सर्व माणसे भाताच्या लावणीत गुंतलेली असतात आणि नेमके तेव्हाच अगराकडे कोणी फिरकत नाही. त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाहण्याचे काम एखाद्यावर सोपवावे. अंड्यांची किंवा लहान अळ्यांची पाने वेळीच तोडून साबणाच्या पाण्यात बुडवली, तर पुष्कळदा फवारणीची गरजच पडत नाही. उपद्रव पसरल्यास पाच टक्के निंबोळी अर्क, किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य कीटकनाशक वेष्टनावरील प्रमाणात, पाऊस नसताना संध्याकाळी फवारावे; अळ्या लहान असतानाच या दोन्हींचा परिणाम चांगला होतो. कोषांसाठी झाडाखालची माती हलकीशी चाळवावी. पानांची घरटी करणाऱ्या लाल मुंग्या माणसाला चावतात हे खरे, पण त्या अळ्या खातात, तेव्हा त्यांना सहसा हुसकावू नये.

पानांवरील ठिपके व करपा यांसाठी रोगट पाने गोळा करून नष्ट करणे बहुधा पुरेसे होते; प्रादुर्भाव वाढल्यास मोरचूद व चुन्याचे एक टक्का बोर्डो मिश्रण वापरावे. त्यात लोखंडी विळा बुडवून त्यावर तांबूस थर चढला, तर चुना आणखी घालावा.

खोडकिड्याबाबत मात्र घाई नको. कोवळ्या झाडाच्या खोडावर छिद्र व त्याखाली भुसा दिसल्यास तार घालून अळी मारावी आणि छिद्र मातीने बुजवावे, कारण बारीक खोड वाऱ्याने तेथेच मोडते. जाड खोडात हाच किडा उपयोगीही ठरू शकतो: आसामात न्युरोझेरा कॉन्फर्टा या खोडकिड्याच्या बोगद्यांभोवती नैसर्गिक ऊद तयार होतो. अशा झाडावर खूण करून ते नुसते पाहत राहावे. कृत्रिमरीत्या बुरशी सोडलेल्या छिद्रांजवळ बोर्डो पेस्ट किंवा ट्रायकोडर्मा लावू नये. पेस्ट फक्त छाटलेल्या फांद्यांच्या कापावर, छिद्रांपासून दूर लावावी.